शिवराजअण्णानं सांगितलं होतं

गंगाक्काचा फोन आला तेव्हा मी अर्धी दाढी करून आरशासमोर उभा होतो. “सर, तुमचा दोस्त गेला की हो,” एवढंच ती म्हणाली आणि फोन शेजारणीच्या हातात दिला. शेजारीण कन्नडमध्ये बाकीचं सांगत राहिली... गंगाक्काचा नवरा शिवराजअण्णा कलबुर्गीत ज्या वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर होता, तिथे सकाळी कामावर गेल्या गेल्या एका गाडीच्या चाकाला पाठ टेकून बसला, तो उठलाच नाही. एकसष्टाव्या वर्षी, दुसऱ्याच्या दारात, काढलेले पार्ट डिझेलनं धुण्याच्या कामावर. त्याच्या कसबाबद्दल आता पुष्कळ लोक पुष्कळ बोलले आहेत. मला सांगायचं आहे ते निराळं. हळ्ळीखेडला स्वतःचं गॅरेज असलेला माणूस तिथवर कसा पोचला, ते मला ठाऊक आहे, कारण त्याला तिथवर पोचवणाऱ्यांत मीही होतो.

आम्ही एका शाळेत शिकलो. तो दोन वर्षांनी मोठा, म्हणून अण्णा. मी मराठीचा मास्तर झालो, तो मेकॅनिक होऊन गाड्यांच्या खाली शिरला आणि स्टेरिंगच्या कामात असा मुरला की जनवाड्यापासून हुमनाबादपर्यंत कुणाचीही गाडी एका बाजूला ओढू लागली की लोक आधी त्याच्याकडे येत. माझ्या जुन्या जीपचं पॉवर स्टेरिंग तेलावर चालणारं. तो टाकीचं झाकण काढून तेल बोटावर घ्यायचा, वास घ्यायचा. काळं पडलं असेल तर माझ्याकडे असं बघायचा, जणू मी घरातलं कुणी उपाशी ठेवलंय. “सर, स्टेरिंग पार कडेपर्यंत वळवून धरून कामून बसायलास? पंप कण्हायलाय बघ,” म्हणायचा. मला ते कण्हणं कधी ऐकू आलं नाही. त्याला रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचंही ऐकू यायचं.

मग करंटवर चालणारी स्टेरिंगं आली. तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. एक मोटर, चार वायरी आणि समोर पेटणारा पिवळा दिवा. बाजारात लोक म्हणू लागले, आता शिवराजचं संपलं. तो पन्नाशीत हैदराबादला जाऊन महिनाभर शिकून आला. गाडीला जोडायचं यंत्र आणलं, त्यावरची इंग्रजी अक्षरं माझ्याकडून वहीत कन्नडमध्ये उतरवून घेतली. निम्म्या गाड्यांत मोटर चांगलीच असते, बॅटरीचं टर्मिनल तेवढं गंजलेलं असतं, हे तो गिऱ्हाइकाला हसत सांगायचा. पण एक गोष्ट त्याला खटकायची. “तेलाचं स्टेरिंग जड व्हतंय, आवाज करतंय, खाली ठिपके टाकतंय. हे लई हलकं हाय. खालचं लोखंड झिजलं तरी हाताला कळू देत न्हाई.”

माझी धाकटी बहीण कलावती निर्ण्याला दिलेली. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या भावजींनी, जुनी कार घेतली होती. करंटच्या स्टेरिंगची. दिवा पेटला म्हणून त्यांनी ती अण्णाकडे आणली. मी तिथे बाकड्यावर चहा पीत बसलो होतो. अण्णानं टर्मिनल घासून घट्ट केलं, दिवा गेला. मग सवयीप्रमाणे गाडी जॅकवर उचलून त्यानं डावं चाक दोन्ही हातांनी हलवलं, खाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, “डाव्या टाय रॉडचं, म्हंजी स्टेरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं, टोक पार झिजलंय. त्यातला बॉल कवा निसटंल सांगता येत न्हाई. कलबुर्गीहून पार्ट मागवतो, परवा बसवतो. तवर गाडी हितंच ठिवा.”

भावजींच्या घरच्यांना दुसऱ्या दिवशी एका साखरपुड्याला जायचं होतं. “दिवा तर गेला की,” ते म्हणाले.

“दिवा करंटचा हाय साहेब, चाकाचा न्हाई. चाक हातातून गेलं तर स्टेरिंग नुसतं फिरत ऱ्हाईल. घरची माणसं घिऊन जाऊ नगा.”

भावजी हसले, गाडीत बसले आणि एका बोटानं स्टेरिंग फिरवून दाखवलं. किती हलकं चाललंय बघा, म्हणाले. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “भावजी, ऐका की त्याचं.” एवढंच म्हणालो... आणि उरलेला चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याला जाताना वळणावर गाडी सरळ खड्ड्यात गेली. भावजींना खरचटलं. कलावतीचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यातच भावजींनी सगळ्यांना सांगितलं, “आदल्या दिवशी शिवराजनं गाडी उघडली, नीट बसवलंच न्हाई त्यानं.” मी तिथे उभा होतो. पाव्हणे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली, आणि तो सगळ्यांनी होकार धरला.

गोष्ट आठवड्यात बाजारभर झाली. गाड्या यायच्या थांबल्या. कुणी भांडायला आलं नाही, नुसती वळून दुसरीकडे जायला लागली माणसं. एका दुपारी अण्णा माझ्या घरी आला. चप्पल दारात काढली, पण आत आला नाही.

“सर, तू व्हतास की तिथं.”

“व्हय.”

“मग?”

मी म्हणालो, “अण्णा, बहिणीच्या संसाराचा सवाल हाय. तिचा पाय असा... भावजींना खोटं पाडलं तर तिला कोण बघंल? जाऊ दे की आता.”

त्यानं चप्पल घातली आणि तो गेला. त्यानंतर रस्त्यात भेटला की नमस्कारापुरतं “शरणार्थी” म्हणायचा, थांबायचा नाही. वर्षभरात गॅरेज बंद करून तो एकटाच कलबुर्गीला गेला.

हळ्ळीखेडला मातीला सगळे आले. लिंगायत रीतीप्रमाणे त्याला विभूती लावून, हार घालून बसवलं होतं. भावजींनी मोठा हार आणला आणि उभं राहून बोललेसुद्धा, असा कारागीर पुन्हा होणार नाही म्हणाले. तेव्हाही मी गप्पच होतो. परतताना निर्ण्याला कलावतीकडे उतरलो आणि पहिल्यांदा तिला सारं सांगितलं, अण्णानं काय बजावलं होतं, आणि मी तिच्यासाठी कसा गप्प राहिलो.

ती कुबडी भिंतीला लावून बसली. “मला त्याच दिवशी ठाऊक व्हतं. गाडीत बसताना ह्यांनीच सांगितलं, शिवराज नको म्हणायलाय, पर काय हुत न्हाई. माझ्यापायी गप बसलास म्हणू नको, दादा. मी कुबडी घिऊन माहेरी यील, ह्याचं भ्या व्हतं तुला.”

ते खरं होतं.

हा लेख लिहून झाल्यावर मी गंगाक्काकडे गेलो. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. पुढच्या खोलीत अण्णाचा कामाचा निळा शर्ट खुंटीला आहे. कलबुर्गीहून तो तसाच न धुता आला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याच्यासमोर बसून मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती तूर निवडत ऐकत होती. वाचून संपल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

“हे मला कामून वाचून दाखवायलाव, सर? मी कवा म्हणलं, त्यांची चूक व्हती म्हणून?”