मुलाखतीतलं माझं उत्तर

शिक्षण धोरणात एम.ए. करायचं माझ्या मनात आहे, हे या ग्रुपवरच्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आज त्याची ऑनलाइन मुलाखत झाली.

माझी जिल्हा परिषदेची शाळा संगमनेरपासून आत, एका वस्तीवर आहे. मुलं घरी गेल्यावर मी वर्गातच मोबाईल लावून बसले. उघड्या खिडकीबाहेरच्या नळावर मंदाताई खिचडीचं पातेलं घासत होत्या. मुलांचा पोषण आहार त्याच शिजवतात. त्यांची नात माझ्या वर्गात आहे.

शेवटचा प्रश्न होता, "पट कमी असलेल्या शाळांचं काय करावं?"

मी वाचलेलं सगळं सांगितलं. जवळच्या मोठ्या शाळेला जोडाव्यात, मुलांना गाडी द्यावी, म्हणजे शिक्षकही पुरतात. कुठे अडखळले नाही. समोरचे सर म्हणाले, "छान, स्पष्ट मांडलंत."

आमच्या शाळेचा पट कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही. तो अकरा आहे.

बाहेर आले. मंदाताई रोज घरी जाताना दुसऱ्या दिवशीचं कडधान्य भिजत घालायला नेतात. आज पिशवी हातात तशीच घेऊन उभ्या होत्या.

"मॅडम, उद्याची मटकी भिजवू का न्हाई?"

"भिजवा की," मी म्हणाले.

"बरं. फुडचं तुमी सांगाल तसं." मटकी घेऊन त्या गेल्या.

आत्ता मेल आला, निवड झाली. मला आनंदही झाला नाही, वाईटही वाटत नाही. अभिनंदन नका लिहू. उद्या मंदाताई खिचडी वाढत असताना मी कुठे बघू, तेवढं सांगा.