ओढ्याकडची शेवटची खुंटी

आमच्या सोनाळ्याच्या शिवारात, ओढ्याच्या काठाला एक पडीत होतं. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा लाकडावर संशोधन करणारी सरकारी माणसं तिथं आली. कोणतं लाकूड वाळवीपुढं किती टिकतं, हे त्यांना पाहायचं होतं. सातपुड्यातला साग, ऐन, मोह, सालई अशा लाकडांच्या हातभर खुंट्या त्यांनी ओळीनं अर्ध्या जमिनीत पुरल्या, प्रत्येकीला क्रमांकाचा पत्रा ठोकला. काही वर्षांनी उपटून बघणार होते.

गावाला हसायला विषय मिळाला. "सरकारनं लाकडं पेरली बे! पाऊस पडू दे, पलंग उगवतीन!"

ते पडीत त्यांनी निवडलं, कारण तिथं वाळवी भरपूर होती आणि नांगर कधी फिरला नव्हता. नांगर का फिरला नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. दात न आलेली लेकरं आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात. ती तिथं पुरत. पुरुष जात, पुरून येत. वर दगडसुद्धा ठेवत नसत आणि जागा आईला सांगत नसत. माझा थोरला भाऊ तिथं होता. बारशाआधीच गेला. गावात ना डॉक्टर होता, ना औषध.

आमच्या घरात पोथी नव्हती, पत्रकं होती. बाबा सभेहून आणायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. अंधश्रद्धा, जमीन, मजुरी, सगळ्यावर माझ्याकडं छापील उत्तर तयार असायचं.

खुंट्या रोवल्यावर एकदा बाबा पडितावरून आले आणि जेवताना मायला म्हणाले, "शेवटची. ओढ्याकडची. तिच्याच बुडाशी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लेकराची जागा सांगितली. हातातला घास मायनं परत ताटात ठेवला.

त्यानंतर वावरात जाता-येता ती तिथं थांबू लागली. दिव्याचं करंजीचं तेल चिंधीवर घ्यायची आणि खुंटीला वरपासून मातीपर्यंत चोळायची. बुडाशी दगड दाबायची. ती खुंटी सालईची होती, सगळ्यांत कच्चं लाकूड. सालईच्या बाकीच्या खुंट्या दोन-तीन पावसाळ्यांत आपसूक आडव्या झाल्या. ही उभीच.

मी शिकायला बाहेरगावी होते; सुट्टीत घरी आले तेव्हा हे पाहून भडकले. "लाकडाला तेल लावून मेलेलं माणूस परत येते का, माय?"

"परत ये म्हणून कोण म्हणते? मी तं वाळवीले म्हणून राह्यली, जरा थांब."

मी तरीही वाद घातला. खुंटीला क्रमांक आहे आणि लेकराला नाव नाही, हे मला सहन होत नव्हतं. लाकूड किती टिकतं हे विचारायला माणसं नागपूरहून आली; लेकरं का टिकत नाहीत, हे विचारायला कुणी आलं नाही. हे मी बोलले ते मायला. ऐकायला दुसरं कोण होतं?

मग ती सरकारी माणसं खुंट्या उपटायला आली. माय वावरातून विळा तसाच हातात घेऊन धावत गेली, मी तिच्यामागं. त्यांचे साहेब शेवटच्या खुंटीशी वाकून बघत होते. सालई इतकी टिकावी कशी, त्यांना कळत नव्हतं. तेलाचा वास आला तशी मान हलवली.

"कुणी तेल लावलंय? हा नमुना बाद झाला."

"म्या लावलं," माय म्हणाली. "बाद हाय तं राहू द्या ना, साहेब."

"नाही बाई. सगळ्या काढायच्या आहेत. जागा मोकळी करून द्यायची आहे."

"मंग हळू काढा. खाली लेकरू हाय."

साहेबांचा हात थांबला. ओळीभर पसरलेल्या आपल्या खुंट्यांकडं त्यांनी पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी खुंटी हलकेच वर ओढली. जोर लावावाच लागला नाही. मातीवरचं लाकूड तेलानं चकचकत होतं, मातीखालचं नव्हतंच. वाळवीनं भरलेली ओली माती तेवढी निघाली. वर्षानुवर्षं खुंटी नुसत्या दगडांच्या आधारानं उभी होती.

साहेबांनी पत्रा उचकटला आणि उरलेला तुकडा मायच्या हातात दिला.

तिनं तो परत खड्ड्यात उभा करून पाहिला. बुडच नव्हतं, तो कलंडला. पुन्हा उभा केला, पुन्हा कलंडला. शेवटी तिनं तो आडवा निजवला आणि विळ्यानं माती ओढून घेतली. मी गुडघ्यावर बसून हातानं माती लोटली.

पावसानं सगळे खड्डे बुजले. ओळीच राहिल्या नाहीत, तेव्हा बाबांनाही नेमकी जागा दाखवता येईना. माय अजून चिंधी घेऊन जाते. पडिताच्या कडेला उभी राहते, तेलाचा हात कुठं लावावा ते तिला कळत नाही. मग हात पदराला पुसते आणि वावराकडं वळते.