गुल्लकेतली चिल्लर

मी वडशाजवळच्या एका गावात पाचवी-सहावीच्या मुलांना गणित शिकवते. शाळा विनाअनुदानित, त्यामुळे पगार येतो तेव्हा येतो, बचतीचा धडा मात्र दरवर्षी वेळेवर येतो. 'थेंबे थेंबे तळे साचे' मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की डोळे मिटूनही ओळ वाकडी जायची नाही. लोकांच्या पोरांना शहाणपण शिकवायचं तर सुरुवात घरातून हवी, म्हणून लेक तिसरीत असतानाच वडशाच्या बाजारातून तिला मातीची गुल्लक आणून दिली. नियम एकच सांगितला, वेळ आल्याशिवाय फोडायची नाही.

तिने तो नियम माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतला. पाहुणे निघताना खाऊसाठी हातावर नोट ठेवतात. ती नोट घडी करून सरळ गुल्लकेत जायची. बोरकूट नाही, बर्फाचा गोळा नाही. शेजारीण म्हणायची, "बाई, तुमची पोरगी लय शहाणी हाये." मी वरवर 'कशाची शहाणी' म्हणायचे आणि आतून फुगायचे.

ती सातवीत गेली त्या वर्षी तिच्या शाळेने ताडोब्याची सहल ठरवली. मोहर्लीच्या गेटातून आत जायचं, जिप्सीत बसून. आमच्याकडे वाघाच्या धाकाने बाया सरपणाला एकट्या जात नाहीत, पण तोच वाघ गाडीतून पाहायचा तर पैसे मोजावे लागतात. तिने आमच्याकडे काही मागितलं नाही. "माह्या गुल्लकेत हायेत. दिवाळी झाली का भरायचे हायेत," एवढंच म्हणाली.

दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, म्हणजे गावाची जत्राच. ज्या गावची मंडई, त्या गावात नाटक, आणि घरोघरी पाहुणे. दिवाळीला जुनी साडी चालते, पण मंडईचा पाहुणा नीट जेवल्याशिवाय गेला तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नसते. त्या वर्षी नणंद, तिचा नवरा आणि त्यांच्याकडचे आणखी सहा जण आले. घरचा जावई, म्हणजे मटण हवं आणि नाटकाला खुर्चीची तिकिटं हवीत. माझ्या नवऱ्याने राईस मिलमधून उचल आधीच घेतली होती. माझा दोन महिन्यांचा पगार अडकलेला.

नवरा म्हणाला, "पोरीच्या गुल्लकेत असन ना." मी त्याला झिडकारलं असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "फोडू नका. मले द्या इकडे."

लेक मैत्रिणींसोबत मंडईत आकाशपाळणा पाहायला गेली होती. बसायला नाही, पाहायला. मी गुल्लक उलटी धरली, फटीत केसातली पिन घातली आणि एकेक नोट ओढून काढली. चिल्लर तशीच राहू दिली, हलवली तर वाजायला हवी म्हणून. पैसे घेतले यापेक्षा ती चिल्लर ठेवली याची मला जास्त लाज वाटते. पगार आला की भरून टाकू, तिला कळणारही नाही, असा माझा हिशेब होता. गणिताच्या बाई ना मी!

पाहुणे पोटभर जेवले, खुर्चीवर बसून नाटक पाहून आले. सकाळी निघताना जावयाने लेकीच्या हातावर एक नोट ठेवली. तिने पाया पडून ती घेतली आणि गुल्लकेत टाकली. मी पाहत होते.

पगार आला नाही. पैसे भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिने अंगणात पोतं अंथरून गुल्लक फोडली. आवाज आला तरी मी चुलीपुढून हलले नाही. थोड्या वेळाने ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, नोटा कुठी गेल्या?"

"मंडईले लागल्या, बेटा. पगार आला का भरून देऊ."

"मले काऊन नाई विचारलं? मी देल्ले असते."

ती रडली नाही. खापऱ्या गोळा केल्या, हात धुतले आणि शाळेत गेली. संध्याकाळी येताना तिने त्या उरलेल्या एका नोटेची भजी खाल्ली आणि कानातले घेतले. पुढे पगार झाल्यावर मी सगळे पैसे तिच्या हातात दिले. तोवर सहल जाऊन आली होती. ते पैसे दोन दिवसांत संपले. मी नवी गुल्लक आणली, ती तेव्हापासून फळीवर रिकामीच आहे.

आता ती चंद्रपुरात एका कपड्याच्या दुकानात काम करते. पगार वेळेवर होतो, आणि पंधरा तारखेनंतर तिच्या हातात काही उरत नाही. मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा डॉक्टरकडे जायला पैसे नव्हते. मी फोनवर म्हणाले, "थोडे बाजूले ठेवत जाय न बेटा."

"ठेवून काय करू आई? कोनासाठी ठेवू?" रागाने नाही, साधंच विचारलं तिने.

या आठवड्यात वर्गात पुन्हा बचतीचा धडा होता. शेवटी मी दरवर्षी सांगते, 'पैसे साठले की आईजवळ सांभाळायला द्या.' या वर्षी तेवढं वाक्य मी गाळलं.