हेडर बसवला तो रविवार

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे मला सायकल त्यानेच शिकवली आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सहीही त्याचीच असायची. भवानी पेठेतल्या एका गॅरेजमध्ये तो तीस वर्षं फिटर होता. गाडी दारात येऊन थांबायच्या आत, नुसत्या आवाजावरून तो दुखणं सांगायचा. ते गॅरेज त्याने अचानक सोडलं. विचारलं तर म्हणाला, "मालकाशी पटंना."

मी सात रस्ता चौकाजवळच्या एका ऑफिसात बसून दिवस काढणारा माणूस. चाळिशीत एक जुनी, पण जोरात पळणारी पेट्रोल गाडी घेतली आणि तिच्या नादाला लागलो. इंजिनातून धूर बाहेर नेणारा कंपनीचा ओतीव मॅनिफोल्ड काढून तिथं स्टीलच्या चार नळ्यांचा हेडर बसवायचं ठरवलं. इंजिन मोकळा श्वास घेतं, आवाज बदलतो, ताकद थोडी वाढते. हेडर कोइमतूरहून मागवला. तो आल्यावर अण्णाला म्हटलं, "घरीच बसवू. तू आहेस की."

तो लगेच हो म्हणाला नाही. खोकं उघडून नळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "गॅरेजात दे की. त्यांच्याकडं लिफ्ट हाय."

मी ऐकलं नाही. त्याला घरी बसून कंटाळा आला असेल, कामात मन रमेल, असंही मला वाटत होतं.

एप्रिलच्या एका रविवारी सकाळी सातलाच आम्ही सुरुवात केली. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. वरचा उष्णता अडवणारा पत्रा निघाला आणि तिथंच काम अडलं. मॅनिफोल्डचे नट गंजून लाल झाले होते. अण्णाने तेल मारलं, वाट बघितली, पाना लावला. नटावर बसणारी पान्याची गोटी त्याच्या हातून सुटून इंजिनाच्या सांदीत पडली. मी वाकून काढून दिली. ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मी नुसता उसासा टाकला. तो त्याला ऐकू गेला असणार.

दहाच्या सुमाराला एक स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा दांडा, तुटला. नट अडकला की थोडं पुढं, थोडं मागं करत सोडवायचा, हे मला त्यानेच शिकवलेलं. पण त्याने पाना दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग टाकलं. टक्क आवाज आला आणि स्टडचा निम्मा भाग इंजिनातच राहिला.

"तीस वर्षं हेच केलंस ना?" मी म्हणालो.

ड्रिल माझ्या हातात देऊन अण्णा म्हणाला, "तू धर. मला नीट दिसंना." मी कधी स्टड काढला नव्हता. तो शेजारी उभा राहून सांगत गेला, सरळ धर, घाई करू नको, तेल सोड. दीड तासाने तुकडा निघाला.

जेवण करून आम्ही हेडर चढवला. शेवटचा नट इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या मधल्या सांदीत होता. तिथं डोळा पोचत नाही, दोन बोटंच जातात. अण्णाने हात घातला. मी पायरीवर बसून मोबाईल बघत होतो. अर्धा तास झाला तरी नट लागेना. आतून स्टीलवर काहीतरी वाजत होतं, बारीक आणि सारखं. मी टॉर्च घेऊन खाली वाकलो.

नट त्याच्या दोन बोटांत होता आणि बोटं थरथरत होती. नट नळीवर आपटत होता, तोच तो आवाज.

मला बघून त्याने हात बाहेर काढला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"ते काय सांगणार? हात कापतोय म्हणूनच सांगतील की." मग म्हणाला, "एका गिऱ्हाइकाच्या चाकाचे नट ढिले राहिले माझ्याकडनं. चाक निखळलं. माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी मीच सोडलं काम. तुझ्या वहिनीला सांगितलं न्हाय."

मला सकाळचं वाक्य मागं घ्यायचं होतं. तो नट माझ्यापुढं धरून म्हणाला, "आधी उलटा फिरव. टक्क लागंल. मग सुलटा घे." तसं केलं आणि आटे बसले.

इंजिन चालू केलं तेव्हा शेजारच्या गच्चीवर माणसं डोकावली. आवाज मी मनात धरला होता तसाच, खोल आणि भारी होता. अण्णाने मान तिरकी केली.

"तिसऱ्या नळीपाशी गळतंय. गॅस्केट सरकलंय," तो म्हणाला. "बंद कर. आज माझ्याच्यानं होणार न्हाय."

पुढच्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. गोळ्यांनी काही महिने बरं वाटलं, मग गोळ्या पुरेनाशा झाल्या. गळती दुसऱ्या एका मेकॅनिकने काढून दिली. गाडी चालवताना मात्र मला पहिल्यासारखी मजा येईना. वर्षभराने गाडी वैरागच्या एका माणसाने विकत नेली.

आता अण्णाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. चारचौघांत जेवायला बसत नाही, ताटाभोवती सांडतं म्हणून. वहिनी भरवते तेव्हा तो भिंतीकडं बघतो. दर रविवारी मी त्याची दाढी करायला जातो. मागच्या खेपेला माझ्या हातून हनुवटीखाली वस्तरा लागला आणि रक्त आलं. त्याने हनुवटी तशीच वर धरली. मी टॉवेल दाबून धरला आणि रक्त थांबल्यावरही बराच वेळ तसाच उभा राहिलो.