चिंचेने घासलेला गळ

हिंगोलीत घर चालवणाऱ्या बाईला जितक्या तऱ्हांनी छळता येईल, त्या सगळ्यांचा शोध माझ्या धाकट्या दिरांनी एकट्याने लावला. मी यादीवर चालणारी. किराण्याची यादी, पाहुण्यांची यादी, दिवाळीच्या साफसफाईची तर दोन पानी. आणि भाऊजी साखरा गावच्या शाळेत इतिहास शिकवून परतताना पिशवीत भाजी सोडून सगळं आणणार: गारगोटीच्या चकत्या, दगडी पाती, एकदा तर अख्खी दगडी कुऱ्हाड, माझ्या कोथिंबिरीवर ठेवलेली. आंबाही दगडाच्या पात्याने सोलायचे. "वहिनी, तुमच्या सुरीला धार लावा लागते, याला न्हाई," म्हणेपर्यंत रस कोपरापर्यंत पोचलेला असे. माणसाने पहिल्यांदा तांबं कसं वितळवलं असेल, हे बघायला त्यांनी माझ्या कोळशाच्या शेगडीला लोहाराचा भाता लावला. तांब्याची तार होती तशीच राहिली, शेगडीची जाळी मात्र वाकून नमस्कार करू लागली. "काहून चिडता? त्यांचंबी पहिल्या दिवशी जमलं नसंल." त्यांच्याही घरी एखादी वहिनी असेलच की, असं मी म्हटल्यावर भाऊजी खरोखर विचारात पडले!

एका मुद्द्यावर मात्र ते हटत नसत. "लोकांना वाटतं, एके दिवशी दगड टाकला अन् तांबं घेतलं. तसं न्हाई. कितीतरी पिढ्या दोन्ही एकाच घरात नांदलं. मिक्सर आला म्हणून तुमी पाटा टाकला का?" टाकला नव्हता. मी त्याच पाट्यावर चटणी वाटत राहिले.

मग साखऱ्यातल्याच एका विहिरीच्या खोदकामात त्यांना मातीचं एक ढेकूळ मिळालं. आत दगडी पाती आणि हिरवा पडलेला, मासे धरायचा तांब्याचा गळ, शेजारी शेजारी रुतलेले. म्हणजे त्यांच्या म्हणण्याचा पुरावाच, एका मुठीत मावेल एवढा. ते बघायला औरंगाबादहून जुन्या वस्तूंचे एक जाणकार येणार होते. मला एवढंच कळलं, की दिवाळीआधी पाहुणा येतोय आणि फडताळात चिखल आहे. ढेकूळ बादलीत भिजवलं. पाती एका बरणीत, वर चिठ्ठी: दगड. गळ चिंच-मीठ लावून समईबरोबर घासला, दुसऱ्या बरणीत, चिठ्ठी: तांबं. यादीत खूण केली.

भाऊजींनी बरणीतला गळ काढून उलटासुलटा बघितला. "चिंच लावली का?"

"हो. किती हिरवा पडला होता."

"बराबर," एवढंच म्हणाले.

जाणकारांनी गळ उजेडात धरला. "वस्तू चांगल्या आहेत. पण या एकत्र होत्या, हे आता कशावरून म्हणायचं? धुतलं कुणी?"

मी चहा घेऊन दारातच थबकले.

"मीच," भाऊजी म्हणाले.

"इतिहासाच्या मास्तरांनी?"

"व्हय. माझीच चूक."

त्यानंतर त्यांनी दगड उचलणं सोडलं. आता पिशवीत भाजी असते, तीही ताजी. घर कसं माझ्या यादीप्रमाणे चालतं. परवा कयाधू नदीच्या काठी मला गारगोटीची एक चकती दिसली. चिखलासकट घरी आणली, आणि त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीवर ठेवून दिली.