बारवेच्या पाण्याचा वास

शाळेतून आले, टाकी धुवायला झाकण उघडलं आणि शेवाळाचा तो थंड वास आला. पाय आधीच दुखत होते, तिथंच टेकले.

आष्टीच्या आमच्या शिवारात एक पडकी बारव होती. तिथं पाण्यातल्या देवता, साती आसरा राहतात, पाळीतल्या बाईनं फिरकायचं नाही, असं सगळे सांगायचे. आठवीत असताना भर दुपारी मी, शैला आणि संगी चोरून खाली उतरलो. पायऱ्या हिरव्या, पाणी काळं. पाण्याजवळ कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं.

"जल्दी वर चला, मला भ्या वाटून राह्यलं," संगी म्हणाली.

दोन दिवसांनी शैला तापानं फणफणली. तिच्या आईनं आम्हा दोघींना समोर बसवलं. "खरं सांगा, पाळीत कोण गेल्ती?"

संगी रडायला लागली. रडली म्हणून तीच ठरली. शैला आठवड्यात बरी झाली. संगीची शाळा मात्र सुटली आणि उन्हाळ्यात लग्न लागलं.

आता मी वर्गातल्या मुलींना सांगते, पाळीत वाईट काही नसतं. सांगून सांगून थकले. संगी अजून भेटते, पोराबाळांचं विचारते. पाळीत मी गेल्ते, एवढं तिला सांगणं काही होत नाही.