मॅडमची सुरमई

वर्धा जिल्ह्यातल्या जाम चौरस्त्याजवळ थर्माकोलच्या पेट्या मांडून शोभाबाई समुद्राची मासळी विकते. समुद्र तिने पाहिलेला नाही. सासर हिंगणीचं, तिथले बोर धरणाची मासळी खाणारे लोक या मालाला ‘बर्फातलं मढं’ म्हणतात. हे मढं जामच्या लोकांच्या गळी उतरवायला तिला बरीच वर्षं लागली. मासळी ताजी आहे का, असं कुणी विचारलं तर ती आजही बोलत नाही, कल्ला उचलून लाल रंग दाखवते. या विश्वासाशिवाय तिच्याकडे दुसरं भांडवल नाही.

मागच्या हिवाळ्यात वर्ध्याच्या कॉलेजात संशोधन करणारी रुचिका रविवारी येऊ लागली. ती कल्ले बघत नसे. पेटीतली सगळ्यात मोठी, जून सुरमई उचलायची, पोट दाबायचं आणि खूश होऊन ती घ्यायची.

हे लक्ष्मणरावांनी पाहिलं. लक्ष्मणराव एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. माणसं ओळखण्याचा त्यांचा दावा होता. “मॅडम शिकेल हाय. तिनं घेतली तशीच मले दे.” महिन्याभरात अख्खा चौरस्ता सुरमईची पोटं दाबू लागला. कोवळी मासळी बर्फावर पडून राहू लागली.

शेवटी शोभाबाईने रुचिकाला विचारलंच. “काऊन वो मॅडम, पोटात काय पाह्यता?”

“फीतकृमीच्या अळ्या. माझ्या संशोधनाला लागतात. जून मासळीत जास्त सापडतात.”

शोभाबाईने तिथेच सुरमई चिरली. आतड्याला भाताच्या शितांसारखे पांढरे दाणे चिकटले होते. “हे तं चरबी होय!” इतकी वर्षं ती हे आतड्यासोबत फेकत आली होती. गिऱ्हाइकांनी कधी हरकत घेतली नव्हती, कारण मासळी साफ होताना सगळी गिऱ्हाइकं पाठ फिरवून उभी राहत.

रुचिकाने मोबाईलवर सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला: इवलंसं डोकं, त्यातून निघालेल्या चार सोंडा, सोंडांवर आकड्यांच्या रांगा. या रांगांवरून जात ओळखायची. “हिला मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, पोटात जायचं असतं. तिथंच ती मोठी होते. माणसाला हिचा सहसा त्रास नाही, नीट शिजवली तर नाहीच.”

म्हणजे मुशीची वाट बघत सुरमईत बसलेली अळी ट्रकने जामला येते, आणि इथे तिला भेटतात लक्ष्मणराव.

शोभाबाईला मात्र अळीची नाही, स्वतःची काळजी पडली. गप्प बसावं तर माल कधी नव्हे इतका खपत होता. बोलावं तर बातमी आधी हिंगणीला पोचणार. एक रविवार ती गप्प बसली.

पुढच्या रविवारी लक्ष्मणराव घाईत आले. “जावई येऊन राह्यले. मॅडमसारखी काढ.” आणि सवयीने पाठ फिरवून उभे राहिले.

सुरी पोटाला लावून शोभाबाई थांबली. “काकाजी, इकडं पाहा जी.”

तिने सगळं सांगितलं. लक्ष्मणरावांचा चेहरा उतरला. “म्हणजे इतके दिवस मी...?”

“शिजवूनच खाल्ली ना? मंग काई होत नाई.”

ते रिकाम्या हाताने गेले. त्यांच्यामागे आणखी काही गेले. आता शोभाबाई प्रत्येक मासळी गिऱ्हाइकासमोर चिरते, दाणे निघाले तर बाजूला ठेवते. गर्दी अजून पहिल्यासारखी नाही.

परवा लक्ष्मणराव आले. एकेका पेटीवर वाकून पाहू लागले.

“घेता का जी?”

“आधी फाडून दाखव,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसून पाटासमोर उकिडवे बसले.